खुर्चीखालची जोडी

बाबा,

काल संध्याकाळी तुमच्या मुलाने माझ्यासमोर ओसरीत दोन बॅटऱ्या आणून ठेवल्या आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारच्या काकू पिठाच्या हातांनी तशाच कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. बॅटऱ्या नव्या होत्या, वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. पण त्या कारच्या होत्या. तुम्हाला आधी हे सांगायला हवं की मी आता विजेच्या खुर्चीवर फिरते. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, खुर्ची येऊन चार. तिच्या सीटखाली एक डबा आहे, त्यात बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून बसतात. हाताशी एक छोटी दांडी आहे, ती पुढे केली की खुर्ची पुढे जाते. मी पुलापलीकडच्या शाळेत क्लार्क आहे. घरापासून शाळेपर्यंत मी एकटी जाते आणि एकटी येते. म्हणजे जात होते, येत होते. महिना झाला, खुर्ची बंद आहे, आणि मी धाकट्याच्या पिकअपमधून त्याच्या सोयीने ये-जा करते आहे. धाकटा आता तुमचं दुकान चालवतो. बॅटरीवाल्याचा मुलगा, स्वतः बॅटरीवाला, आणि बहिणीच्या खुर्चीला कारच्या बॅटऱ्या घेऊन आला. वर मी ओरडले तर म्हणतो कसा, "कायले एवढी चिडून राह्यली, ताई? नाहीच जमलं तर मी आहो ना."

मी आहो ना. हे वाक्य तुमचं आहे, बाबा. दुकान त्याला दिलंत, शटरची किल्ली दिलीत, त्याबरोबर हेही देऊन गेलात. तो काही वाईट मनाने बोलला नाही. तुम्हीही कधी वाईट मनाने बोलला नव्हतात. पण ते वाक्य कानावर पडलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते, ती खाली उतरायला दोन-दोन दिवस लागतात. म्हणून आज हे लिहायला बसले आहे. लोक गेलेल्या बापाला पत्र लिहितात तेव्हा आठवण येते वगैरे लिहितात. आठवण येतेच. पण मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय नव्हती, कारण भांडण झाल्यावर मला त्या खोलीतून उठून जायलाही तुमचीच पाठ लागायची.

दारव्ह्याचं तेव्हाचं ते दुकान मला अजून डोळे मिटून दिसतं. बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर, टायरवाल्याच्या शेजारी, शटर अर्धंच वर जाणारं. दीड वर्षाची असताना ताप आला आणि माझे पाय गेले, तेव्हापासून तुमची पाठ हीच माझी गाडी. सकाळी शाळेत पोचवायचं, दुपारी आणायचं, आणि घरी न नेता दुकानात आणायचं, कारण आई मजुरीला जायची आणि धाकटा आजीकडे असायचा. काउंटरच्या मागे लाकडी खोक्यावर तुम्ही मला बसवायचात. तुमच्या खाकी शर्टाला अ‍ॅसिडने पडलेली भोकं मी बोटं घालून मोजत असे. पाठीवर असताना नाकाशी तोच वास, आंबट, घशाला लागणारा. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या दिवसभर बुडबुड करत राहायच्या. मी दहा वर्षांची झाले तेव्हा तुम्ही मला हायड्रोमीटर दिलात, काचेची नळी आणि वर रबरी फुगा असलेला. माझा स्वतःचा, दुकानाचा नाही. फुगा दाबून सोडायचा, सेलमधलं पाणी नळीत वर ओढायचं, आतला काटा किती तरंगतो ते बघायचं. कुठला सेल जिवंत, कुठला मेला, ते मी काउंटरवर बसल्या बसल्या सांगायला लागले. गिऱ्हाइकांना तुम्ही छाती काढून सांगायचात की माझ्या पोरीने पाहिलं म्हणजे पाहिलं, मी पुन्हा पाहत नाही. त्या वयात मला वाटायचं, जगात याहून मोठी पदवी नसेल.

बोरी अरब गावचा तो शेतकरी तुम्हाला आठवत असेल. दर चार-सहा महिन्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन यायचा, मेलेली. तेव्हा गावोगावी टीव्ही आले होते आणि वीज टिकत नव्हती, मग लोक ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात आणायचे आणि तिच्यावर टीव्ही लावायचे. सगळं गाव अंगणात बसून बघायचं. सकाळी बॅटरी परत ट्रॅक्टरला, संध्याकाळी परत टीव्हीला. आपल्याकडे सगळेच असं करायचे, कोणाला त्यात काही चुकतंय असं वाटायचं नाही. बॅटरी ती बॅटरी. तो माणूस तुमच्यावर चिडायचा, माल खोटा देता म्हणून. तुम्ही त्याला चहा पाजायचात आणि मग समजावायचात. ते समजावणं मी इतक्या वेळा ऐकलंय की अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "ही सेल्फची बॅटरी व्हय भाऊ. इले एक दणका द्यायचं काम. सेल्फ मारला, इंजिन उठलं, इचं काम संपलं. दिवसभर चालत राह्याची इची जात नाही. तुम्ही इले रोज रिकामी करून राह्यले, मंग ते मरन नाही तं काय करन." मग तुम्ही सांगायचात की टीव्हीसाठी वेगळी बॅटरी येते, जाड प्लेटांची, हळूहळू देणारी. आणि इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्यांची जोडी लावायची वेळ आली की तुमचा दुसरा नियम: जोडीतली एक गेली तरी बदलायच्या दोन्ही. जुनी नवीला खाते. तुम्ही यात कधी गिऱ्हाइकाचं ऐकलं नाहीत, एखादं गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानात गेलं तरी.

एवढं सगळं कळणारा माणूस, बाबा. कुठल्या कामाला काय लागतं, दणका कुठे लागतो आणि दिवसभर चालणारं काय लागतं, हे ट्रॅक्टरबद्दल, टीव्हीबद्दल, लग्नाच्या मांडवातल्या लाइटबद्दल तुम्हाला कळायचं. माझ्याबद्दल का नाही कळलं? तुम्ही मला रोज दोनदा उचलून न्यायचात आणि मधल्या वेळात मी जिथे ठेवली तिथे. शाळेत बाकावर ठेवली की पाच तास बाकावर. मधल्या सुट्टीत पोरी बाहेर पळायच्या, मी वर्गात बसून पाटीवरचं पुसायची आणि पुन्हा लिहायची. लघवीला जायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणी प्यायची नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्ही कधी विचारलंही नाहीत.

आणि मग ते यवतमाळचं शिबिर. मी चौदा वर्षांची, नववीत. अपंगांना तीनचाकी सायकली वाटणार होते, हाताने पॅडल मारायच्या. आपण सकाळच्या एसटीने गेलो, मी तुमच्या पाठीवर, तुमच्या एका हातात माझे कागद. शाळेच्या मैदानात सायकली रांगेने उभ्या केल्या होत्या, निळ्या, सीटला अजून प्लास्टिक होतं. ऊन तापलेलं होतं. टेबलामागे चष्मा लावलेली एक बाई नावं लिहून घेत होती. आपला नंबर आला, तिने माझं नाव वाचलं, सायकलकडे बोट दाखवलं. तुम्ही मला खाली ठेवलंही नाहीत. पाठीवर घेऊनच तिला म्हणालात, "माह्या पोरीले गाडी नाही लागत, बाई. मी आहो ना." मागे रांगेत कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं की बाप असावा तर असा. तुम्ही सही केली नाहीत. कागद घडी करून खिशात घातलेत, मला स्टँडवर उसाचा रस पाजलात आणि आपण परत आलो. बसमध्ये तुम्ही म्हणालात की रस्त्याने रांगत्या गाडीवर पोरगी फिरली तर लोक तिच्याकडे बोटं दाखवतील, आणि ते तुम्हाला पाहवणार नाही. तुम्हाला पाहवणार नाही म्हणून मी चार भिंतींत.

हे मी किती जणांना सांगितलं असेल, बाबा. मैत्रिणींना, शाळेतल्या बाईंना, पुढे माझ्यासारख्याच मुलींना, ज्यांचे बाप त्यांना पाठीवर आणतात. बापाच्या पाठीवरून उतरा, असं मी त्यांना सांगते. काय चुकीचं सांगते? दहावी झाली आणि कॉलेजची पायरी आली. कॉलेज पहिल्या मजल्यावर, तुमची कंबर तेव्हा धरायला लागली होती, आणि तुम्ही म्हणालात की पुरे झालं, दुकानात बस, हिशेबाचं तू पाहतेसच. मी सात वर्षं त्या लाकडी खोक्यावर बसले. मग एका सकाळी दुकानात बॅटरी उचलता उचलता तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत.

त्या दिवसाबद्दल मी कोणाशी बोलत नाही. आज बोलते. तुम्हाला घरी आणलं. गल्ली भरली, विहारातले सगळे आले, बुद्धवंदना झाली. मग तुम्हाला उचललं आणि सगळे तुमच्यामागे गेले. बायकाही गेल्या. आईला दोघींनी धरून नेलं. आणि मी खोलीत, कॉटवर. मला कोणी न्यायचं, हा प्रश्न कोणाच्या मनात आलाच नाही, कारण आजवर या घरात तो प्रश्न फक्त तुमचा होता. दार उघडं होतं. गल्लीतून माणसं गेल्याचा आवाज लांब-लांब जात होता आणि मी बसले होते. मी माझ्या बापाला पोचवायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि आत्या मला धरून संडासला नेत होत्या, दोघींना झेपेना, मी अंगणात पडले. तेव्हा, चिखलात पडल्या पडल्या, मी पहिल्यांदा तुम्हाला शिवी दिली. मोठ्याने नाही. पण दिली. मी आहो ना म्हणणारा माणूस कुठे होता तेव्हा?

पुढचं थोडक्यात सांगते. दोन वर्षं घरात काढली. मग मी स्वतः अर्ज केला आणि तीच निळी तीनचाकी आणली, पंचविसाव्या वर्षी. घरून बारावी आणि बी.ए. केलं, परीक्षेला हाताने पॅडल मारत एकटी गेले. नोकरी लागली. सतरा वर्षं ती सायकल चालवली, मग खांदे गेले. डॉक्टर म्हणाले, हात वाचवायचे असतील तर पॅडल बंद. म्हणून ही विजेची खुर्ची. पहिल्या दिवशी मी उगाच बाजारात जाऊन आले, काही विकत घ्यायचं नव्हतं. परतताना पुलावर थांबले आणि खाली नाल्यात म्हशी बसलेल्या होत्या, त्या बघत राहिले. मला कोणी विचारलं नाही की किती वेळ बघायचं आहे. एवढंच सुख होतं ते, पण तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं का, मला शंका आहे.

बॅटऱ्या चार वर्षांत थकणारच होत्या. आपल्या उन्हात त्या जास्त दिवस टिकत नाहीत, हे तुमच्याकडूनच शिकले. दोन महिन्यांपूर्वी एक बसली. मी शाळेच्या कामात होते, धाकट्याने खुर्ची दुकानात नेली आणि प्रेमाने दुरुस्त करून आणली. मला सांगितलं, झाली. मी विचारलं नाही, तोही बोलला नाही. त्याने मेलेली एकच काढून तिच्या जागी नवी बसवली होती. तुमचा मुलगा, तुमच्या दुकानात, तुमच्या नियमाच्या बरोबर उलट, कारण दुसरी "चालून राह्यली" होती. महिनाभराने बाजाराच्या दिवशी, पूल ओलांडून चढ लागतो तिथे, मधोमध खुर्ची थांबली. पुढे काळीपिवळी जीप, मागे ऊस घेऊन ट्रॅक्टर, हॉर्न. दांडी पुढे करते तर नुसता क्लिक आवाज. मग चार माणसं आली आणि मला न विचारता खुर्चीसकट उचलून कडेला ठेवली, सोयाबीनचं पोतं ठेवतात तशी. एकाचा हात माझ्या काखेत होता. चांगली माणसं होती, मदतच करत होती. त्यातला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "बॅटरीवाल्याची पोट्टी व्हय हे." आणि मला म्हणाला, "कोनाले तरी संगं घेऊन फिरत जाय, बाई." मी सेहेचाळीस वर्षांची आहे. शाळेत माझ्या सहीशिवाय दाखला निघत नाही. आणि त्या चढावर मी पुन्हा चौदा वर्षांची, कोणाच्या तरी पाठीवरची पोट्टी.

त्या दिवसापासून धाकटा मला नेतो. गिऱ्हाईक आलं की उशीर होतो. संध्याकाळी शाळेला कुलूप लागतं आणि मी फाटकाशी बसून राहते, शिपाई बिचारा माझ्यासाठी थांबतो. धाकट्याची बायको म्हणाली की आता हेच बरं आहे, काळजी नाही. तेव्हा मला कळलं की हे असंच चालू राहू शकतं. कोणी काही वाईट न करता, सगळ्यांच्या काळजीने, मी परत कॉटवर जाऊ शकते. म्हणून मी स्वतः बॅटरी शोधायला घेतली. शाळेच्या पट्टीने सीटखालचा डबा मोजला, लांबी, रुंदी, उंची, टर्मिनल कुठल्या बाजूला ते. नागपूरच्या एका दुकानात फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, घरात कोणी पुरुष असेल तर द्या, टेक्निकल आहे. मी त्याला विचारलं की तुमच्याकडची जेलची, म्हणजे आत पातळ अ‍ॅसिडऐवजी घट्ट जेल असलेली, जोडी एकाच महिन्याची आहे का, की शेल्फवर पडून राहिलेली एक आणि नवी एक बांधून देता. मग तो नीट बोलायला लागला. म्हणाला, ताई, लिथियम घ्या, वजन निम्म्याहून कमी, कोणालाही खुर्ची सहज उचलता येते. मी म्हटलं, मला उचलून घ्यायचं नाहीये, त्यासाठीच बॅटरी घेते आहे. जेलची बॅटरी जड आहे, ते वजन चढावर खाली बसलेलं मला बरं वाटतं. पाणी घालायचं नाही, आडवी झाली तरी सांडायचं नाही, आणि माझा जुना चार्जर तिच्यासाठीच बनलेला आहे. दिवसभर हळूहळू देत राहायची तिची जात. हे सगळं मी धाकट्याला परवा सांगितलं. त्याने ऐकलं, मान हलवली, आणि काल कारच्या बॅटऱ्या घेऊन आला, कारण त्या दुकानात होत्या.

मी ओरडले तरी त्याने त्या लावूनही दाखवल्या. डब्यात बसेनात, तर सीटमागच्या जाळीवर सायकलच्या ट्यूबने बांधल्या. मी बसले, दांडी पुढे केली, आणि खुर्चीने असा झटका मारला की माझी मान मागे गेली. अंगणात तीन चकरा झाल्या, झकास. धाकटा हसत होता, काकू हसत होत्या. आणि मग माझा तोल सुटला. मी खुर्ची थांबवली आणि त्याला विचारलं की बोरी अरबचा टीव्हीवाला माहीत आहे का तुला? त्याला माहीत नव्हता, तो तेव्हा लहान होता. मग मी तुमचं ते समजावणं त्याला जसंच्या तसं ऐकवलं, तुमच्याच बोलीत, भाऊ म्हणून सुद्धा. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. मी थांबले नाही. त्याला म्हटलं की तीन महिन्यांत या मरतील, मग मी परत पुलावर, मग तू परत पिकअप घेऊन हजर. तुला तेच हवं आहे. बाबांनाही तेच हवं होतं. माझ्या हातापर्यंत आलेली सायकल त्यांनी परत केली, मी चौदा वर्षांची होते, माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत त्यांनी नाही म्हणून टाकलं, आणि तू त्यांचाच मुलगा. असं सगळं, अंगणात, काकूंच्या समोर. रडत होते मी. रागाने रडू आलं की मला स्वतःचाच अजून राग येतो.

तो बराच वेळ ट्यूब सोडवत बसला. त्याचे हात तुमच्यासारखे आहेत, नखांच्या कडा काळ्या. मग खाली बघूनच म्हणाला, "तेव्हा बाबाचं चुकलंच, ताई. अन् मीबी तेच करून राह्यलो." उठला, कारच्या बॅटऱ्या पिकअपमध्ये टाकल्या. आज सकाळच्या एसटीने नागपूरला गेला, दुकान बंद ठेवून, माझी मोजमापाची चिठ्ठी खिशात घालून. रात्री परतला. दोन्ही बॅटऱ्यांवरचा महिना मी स्वतः तपासला, एकच आहे. डब्यात अशा बसल्या की बोट जायला जागा नाही. बोल्ट त्याने आवळले, मी पुन्हा आवळून घेतले. आता चार्जर लावला आहे, त्याचा लाल दिवा समोर दिसतो आहे, सकाळपर्यंत हिरवा होईल. तुम्ही सांगायचात, नव्या बॅटरीला पहिलं चार्जिंग पोटभर करू द्यायचं, मध्ये काढायचं नाही. काढणार नाही. उद्या पुलावरून एकटी जाईन.

इथे पत्र संपायला हवं होतं. भांडण झालं, मी जिंकले. पण कालपासून एक गोष्ट घशाशी आली आहे, आणि ती धाकट्याच्या त्या वाक्याने आली. तुमचं चुकलंच, असं तो म्हणाला, आणि मी त्याला म्हणू दिलं.

त्या चष्मेवाल्या बाईने तुमचं ऐकून लिहून टाकलं नव्हतं, बाबा. तुम्हाला आठवत असेल. तिने पेन खाली ठेवलं, थोडी वाकली, आणि तुमच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून मला विचारलं, "बाळा, तुला पाहिजे का?" तुम्ही वाट बघत होतात, तुमचा श्वास मला पाठीत कळत होता. मी सायकलकडे पाहिलं. ती फार बुटकी होती. तिच्यावर बसलं तर लोकांच्या कमरा दिसणार होत्या. तुमच्या पाठीवरून मला सगळं वरून दिसायचं, बाजार, टपऱ्या, लोकांच्या डोक्यावरचे भांग. आणि रांगेत बसलेल्या सगळ्यांचे पाय माझ्यासारखे होते, मला त्यांच्यातली व्हायचं नव्हतं. मी तुमच्या मानेत तोंड घातलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग तुम्ही कागद घडी केलेत.

यामुळे तुम्ही सुटत नाही. मी चौदा वर्षांची होते, तुम्ही मोठे होतात, आणि बसमध्ये जे बोललात ते बोललातच. पण बत्तीस वर्षं मी ही गोष्ट सांगताना त्या बाईचा प्रश्न गाळत आले आहे. काल अंगणातही गाळला. धाकट्याला उद्या सकाळी, चार्जर काढताना, सांगायला हवं. तो विचारेल की मग तू माझ्यावर कायले ओरडली. मला वाटतं, मी नाही सांगणार.